मधल्या भिंतीतला दिवा

कळमनुरी,
कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८६८

तीर्थस्वरूप गोजराक्का यांना,
द्वारकेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सारी बरी आहोत. दिवाळी झाली. यंदा कापूस लवकर फुटला, त्यामुळे बाजाराला माणूस पुष्कळ आहे आणि यांच्याकडे शिवायला कापडही पुष्कळ. सुमनला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मार्गशीर्षात ती आखाडा बाळापूरहून येईल. यांचे डोळे मात्र उतरले आहेत. सुईत दोरा ओवायला मला हाक मारतात, आणि ओवून दिला की म्हणतात, "मलाबी आलाच असता."

पत्र दारात बसून, उजेडात वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. जोडाक्षराला तुम्ही अडता हे माझ्या लक्षात आहे. सुमन त्यावरून तुम्हाला किती रागवायची! सहा वर्षांची मास्तरीण आणि पन्नाशीला टेकलेली विद्यार्थिनी. हे पत्र भिकाबाईच्या हाती देते आहे. ती तुमच्या पुसेगावजवळच्या तांड्यावरची, इथे बहिणीकडे आली होती. तिला वाचता येत नाही. तुमच्या घरातल्या कुणाला वाचायला देऊ नका. तुमचं तुम्हीच वाचा, अडखळत वाचा, पण त्रिपुरी पौर्णिमेच्या आत पुरं करा. त्या दिवशी तुमचं उत्तर लागणार आहे.

गोष्ट अशी आहे की घराचे पुढचे दोन खण, जिथे तुम्ही सात वर्षं राहिलात, ते रिकामे आहेत. तुम्ही गेल्यावर साडेतीन वर्षांत आम्ही तिथे नीट राहिलोच नाही. हे दिवसा तिथे मशीन घेऊन बसतात, एवढंच. आता कापसाच्या एका आडत्यानं ते खण भाड्यानं मागितले आहेत. भाडं चांगलं देतो म्हणतो. पौर्णिमेपर्यंत यांनी मुदत मागून घेतली आहे.

आणि मला विचारायचं आहे ते एवढंच, आक्का, की तुम्ही परत राहायला याल का?

लिहून टाकलं. आता पुढचं सावकाश लिहिता येईल.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून आठवायचं आहे. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची गाडी आमच्या दारात उभी राहिली. तुमचे दीर, तातेराव, पुढे बसलेले. त्यांनी आम्हाला रक्कम दिली होती, माझ्या नणंदेच्या लग्नासाठी आणि यांच्या हातमशीनसाठी. व्याज नको म्हणाले होते, घराचा पुढचा अर्धा भाग बारा वर्षं ताब्यात द्या, मधे कधी रक्कम आणून दिलीत तर त्या पाडव्याला सोडून देऊ. मला वाटलं होतं की ते तिथे भुसार मालाचं दुकान घालतील. त्यांनी तुम्हाला आणून ठेवलं. एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा, आणि पांढऱ्या लुगड्यातल्या तुम्ही, गाडीतून उतरताना कुणाचाही हात न धरणाऱ्या.

पुढच्या आणि मागच्या खणांमधलं दार विटांनी बुजवायचं ठरलं होतं. विटा आणल्या होत्या त्यांत एक कमी पडली. तातेरावांचा माणूस म्हणाला, "ती तुमी आना." हे म्हणाले, "ताबा तुमचा, भिंत तुमची, वीट बी तुमची." तो म्हणाला, "मला न्हाई सांगितलेलं." हे म्हणाले, "मग एका विटंसाठी कोन जाईल भट्टीवर?" दोघेही हट्टी. शेवटी भिंतीत छातीच्या उंचीवर एका विटेएवढं भोक तसंच राहिलं, आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून गेले.

त्या भोकात दिवा ठेवायचं कुणाला सुचलं, तुम्हाला की मला? मला वाटतं तुम्हालाच. पहिल्या आठ दिवसांत आपण एकमेकींशी बोललोही नव्हतो. एके दिवशी तिन्हीसांजेला मी चुलीच्या उजेडात सुमनच्या वेण्या घालत होते, आणि भिंतीतून तुमचा आवाज आला.

"बाई, माझी चिमणी हितं ठिवू का? तुमच्याकडं बी उजेड पडंल. उगं एकटीसाठी घासलेट जाळायचं."

मी म्हटलं, "आन आमचा उजेड तुमी घ्या की. एक दिस तुमचं तेल, एक दिस आमचं."

तेव्हापासून सात वर्षं एका चिमणीनं दोन घरं उजळली. हे सुरुवातीला कुरकुरले होते की भोकातून घरातलं बोलणं पलीकडे जातं. मग महिन्याअखेरीला घासलेटचा डबा हलवून पाहिला, निम्मा भरलेला होता, तेव्हा गप्प बसले. पुढे तर बाहेरच्या माणसाला भिंत दाखवून सांगायचे, "ह्याला म्हनतात अक्कल."

आता आठवलं की वाटतं, आम्ही किती चिवटपणे जगलो. चहा घरात आणायचाच नाही असं ठरवलं होतं, पाहुणा आला तर गुळाचं पाणी. अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, भाकरीला तेल लावायचं ते सणाला. काडीची पेटी महिना महिना पुरायची, कारण सकाळी ज्याची चूल आधी पेटेल त्यानं पळीवर निखारा ठेवून भोकातून पलीकडे द्यायचा. शिवलेल्या कपड्यातला कच्चा दोरा उसवला की तुम्ही तो ज्वारीच्या धाटाच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवायच्या, आणि तोच पुन्हा टाके घालायला यायचा. सुमनचा परकर चार गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाचा. शाळेच्या वाटेवर पोरी चिडवायच्या, "शिंप्याची पोरगी अन् ठिगळाचा परकर!" ती रडत आली तेव्हा तुम्ही भोकातून म्हणालात, "अगं, त्यांच्या परकराला एकच रंग हाये. तुझ्याला चार हायेत. गरीब कोन?" दुसऱ्या दिवशी ती पोर त्याच पोरींना रंग मोजून दाखवत होती.

हे दर बाजाराला मशीन पाठीवर बांधून आखाडा बाळापूरला पायी जायचे. गाडीचं भाडं वाचवायचं म्हणून. संध्याकाळी घरी आले की पायाला गरम पाणी, आणि मग भोकापाशी बसून दिवसाची हकीकत. ती तुमच्यासाठी असायची, आक्का, हे मला तेव्हाच कळायचं. मला ते इतकं सांगत नसत. एका दिवाळीला आपण दोन्ही घरांत मिळून फक्त सात अनारसे केले, तेव्हा हे म्हणाले होते, "आक्का, येवढे कसे संपायचे? पुढल्या दिवाळीला ठिवू दोन." तुम्ही पलीकडून इतक्या हसलात की दिव्याची ज्योत हलली.

आणि काजं. कळमनुरीत सदऱ्याला तुमच्यासारखं काज कुणी करत नव्हतं. तुम्ही सुई घेऊन भिंतीजवळ बसायच्या, मी तुरपाई घेऊन अलीकडे, सुमन पाटीवरचं अक्षर भोकापुढे धरायची आणि तुम्ही टाका घालता घालता वाचायच्या. मी काजांचे पैसे द्यायचे म्हटलं की म्हणायच्या, "बसल्या बसल्या हात हालत्यात, त्याचे कसले पैसे? घर सोडवा आधी."

घर सोडवा आधी. किती वेळा म्हणालात तुम्ही हे.

सहावं वर्ष संपत आलं तेव्हा लढाईनं कापड मिळेनासं झालं. शिवणच नाही तर पैसा कुठून येणार? रक्कम जवळ आली होती, थोडी कमी पडत होती. मी एका संध्याकाळी दमून म्हटलं, "आक्का, आता जीव थकला. हे वर्ष जाऊ दे. मुदत तर बारा वर्षांची हाये. सुमनला एक नवं लुगडं घेते, घरात एकदा पोटभर गोड करते. राहू दे गहान आनिक दोन वर्षं."

तुम्ही सुई कापडात टोचून ठेवली. नेहमी तुमचं बोलणं आणि टाका बरोबर चालायचे. त्या दिवशी तुम्ही सुई ठेवून बोललात.

"काहून थांबता? आलं न्हाई का जवळ? घर आपलं असावं मानसाचं, द्वारके. दुसऱ्याच्या हातात असलेलं घर म्हंजे झोपेत बी जागं राहावं लागतं."

मला वाटलं होतं, तुम्ही आमच्याविषयी बोलता आहात.

त्यानंतर तुम्ही मारवाड्याच्या घरच्या लग्नाचे सगळे सदरे काजांसह अंगावर घेतलेत, आणि शके १८६५ च्या पाडव्याला, बाराऐवजी सात वर्षांत, आमची रक्कम पुरी झाली.

आता लिहायचं ते मला जड जातं आहे.

तुम्ही आलात त्या दिवशी, सामान लावून झाल्यावर, तातेराव तुम्हाला काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. भोक तेव्हा नवं होतं आणि मला त्यातून ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "वैनी, हितं बसा निवांत. शिंप्याच्यानं बारा वर्षांत बी घर सुटत न्हाई. तवर तुमाला कोनी हालवत न्हाई." मला राग आला होता तो शिंप्याच्यानं सुटत नाही या शब्दाचा. सात वर्षं तोच राग मी चुलीत घातला आणि त्यावर स्वयंपाक केला. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्या वाट्याचा होता, तो माझ्या कानावर पडून मनावर पडला नाही. आम्ही एकेक वर्ष वाचवत होतो ते तुमच्या बारांतलं जात होतं. आणि तुम्ही ते जाणून, त्याच दिव्याच्या उजेडात बसून, काजं करत होतात.

मी तुम्हाला विचारलं नाही असं नाही. एकदा विचारलं होतं, "आक्का, घर सुटल्यावर तुमी?" तुम्ही मान ताठ करून म्हणालात, "मला काय? पुसेगावला माझा वाडा हाये, मानसं हायेत. हितं मी चार दिसांची." इतक्या ठसक्यात म्हणालात की मला हेवा वाटला. बाईला स्वतःचा वाडा! मी तो ठसका खरा धरला. तुमच्याइतकं मानी माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं, मग मानी माणसाचं बोलणं कसं ऐकायचं ते मला कुठून ठाऊक असणार?

पाडव्याच्या सकाळी तुम्ही पुढचे खण सारवून काढले होते. आम्हाला वाटलं सणासाठी. गाडी आली, तातेरावांनी रक्कम घेतली, कागद दिला. मी तुम्हाला चोळीचं कापड देऊ केलं, तुम्ही म्हणालात, "राहू दे, सुमनला शिव." आणि गाडीत बसलात, कुणाचाही हात न धरता. गाडी वळेपर्यंत तुम्ही मागे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, किती घाई यांना घरी जायची. थोडं वाईटही वाटलं मला, रागही आला. सुमनच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत तेव्हा तो राग मी आणखी वाढवला.

त्याच दुपारी यांनी पहार घेऊन मधली भिंत पाडली. शेजारपाजार बघायला आला, मी पेढे वाटले. भिंत पाडण्याआधी भोकातली चिमणी मी उतरवून घेतली, तर ती काठोकाठ भरलेली होती. मी यांना म्हटलं, "आज भरली व्हय तुमी?" हे म्हणाले, "मी तर हात बी लावला न्हाई."

त्या दिवशी तेलाची पाळी आमची होती, आक्का.

मला तेव्हा इतकंच वाटलं की तुम्ही चुकून भरली असेल. पण सात वर्षांत तुमची पाळी कधी चुकली नव्हती.

भिंत गेल्यावर घर मोठं झालं. खूप मोठं. आता चहा होतो, भाकरीला तेल असतं, सुमनच्या लग्नात कुणाचं ठिगळ लागलं नाही. सुख नाही असं म्हटलं तर देव कोपेल. पण तिन्हीसांजेला पुढे यांचा एक दिवा आणि मागे माझा एक दिवा लागतो, आणि दोन्हींचा उजेड मधल्या जागेत पोचत नाही. काडीची पेटी आठवड्यात संपते. मी कच्चा दोरा अजून गुंडाळून ठेवते, पण तो हातात घेऊन "किती झाला?" असं विचारणारं कुणी नाही. काटकसर गहाणासाठी होती, गहाण सुटलं. मग ती आठवताना तोंडाला गोडवा का येतो, हे मी स्वतःला खूप दिवस विचारलं. मग उमगलं की त्या दिवसांत आमच्याकडे थोडंच होतं, पण त्यातलं काहीही एकटीनं जाळलेलं नव्हतं.

हे सगळं मी कदाचित कधी लिहिलं नसतं. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भिकाबाई बहिणीची चोळी शिवायला घेऊन आली. पुसेगावकडची म्हटल्यावर मी तुमचं नाव काढलं. ती म्हणाली, "ती गोरी आक्का का, काजं करनारी? ती तर कोठीत राहते, तुरीच्या पोत्यापाशी. घरची मानसं वाईट न्हाईत, पन जागा कुठं हाये? कोनी इचारलं ना, बाई तुमी कुठल्या, तर म्हनते, माझं घर कळमनुरीला हाये, हितं मी चार दिसांची. तीन वर्षं झाली, चार दिसच चालून राहिले."

हे पलीकडे कापड बेतत होते. कात्री थांबली. भिकाबाई गेली तरी पुन्हा चालू झाली नाही.

मी यांना लगेच काही म्हटलं नाही. तुम्ही यांना ओळखता, सरळ मागितलं की नाही म्हणतात आणि मग तेच करतात. दोन दिवस ते भाड्याचे आकडे तोंडानं मोजत होते. काल दिवेलागणीला पुढचा दिवा विझवून ते मागे माझ्याजवळ येऊन बसले.

"दोन दोन दिवे काहून जळून राहिले?" म्हणाले.

मी चिमणीची वात सारखी केली.

"त्या भोकातला उजेड सुईवर बराबर पडत होता."

"व्हय," मी म्हटलं.

आज सकाळी वसराम गवंडी दारात उभा. बरोबर विटा. मला वाटलं आडत्यासाठी काही करतात. पण वसराम सरळ मधल्या दारापाशी गेला आणि दोरी धरली. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आक्का काय आपल्या घरात राहायला यायच्या न्हाईत. कोनाच्या घरात राहनारं मानूस न्हाई ते. त्यांचं घर येगळं पाहिजे, दार येगळं पाहिजे."

"आन न्हाई आल्या तर?"

"तर आडत्याला बी भिंत लागतेच की." तुमचे भाऊजी ते भाऊजीच.

दुपारपर्यंत भिंत वर आली. छातीच्या उंचीवर वसरामनं शेवटची वीट उचलली, तर यांनी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "मालक, वीट हाये ना, कमी न्हाई पडली." हे म्हणाले, "राहू दे." मी हळूच म्हटलं, "आडत्याला भोक कशाला लागतं हो?" त्यांनी माझ्याकडे न बघता ती वीट अंगणात नेऊन तुळशीजवळ ठेवली.

तर आक्का, भिंत परत उभी आहे. पुढचे दोन खण मी आज स्वतः सारवले. हे तुम्हाला दयेनं दिलेलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून हिशेब सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही ऐकणार नाही. तातेरावांनी तुम्हाला बारा वर्षं सांगितली होती. तुम्ही सात राहिलात. तुमची पाच आम्ही घेतली आहेत, तेव्हा घराचा कागद आमच्या हाती असला तरी गहाण अजून सुटलेलं नाही. काजांचे पैसे आता डझनावर मिळतील, यांचे डोळे उतरल्यामुळे ती करायला माणूस हवंच आहे. भाडं म्हणून एक दिवसाआड तेल. त्यात सूट नाही. पाच वर्षांनंतरचं तेव्हा बघू. आपल्या दोघींना मोजता येणं तोपर्यंत बंद झालेलं असेल.

पौर्णिमेला सकाळी हे गाडी घेऊन पुसेगावच्या मारुतीच्या पारापाशी येतील. वाड्यावर येणार नाहीत, तुम्हाला कुणापुढे काही सांगावं लागू नये म्हणून. यायचं नसेल तर पारावर येऊन नुसतं "न्हाई" म्हणा, ते वाद घालणार नाहीत. यायचं असेल तर काही म्हणू नका. गाडीत बसा. या वेळी मात्र चढताना त्यांचा हात धरा. त्यांनाही आताशा आधार लागतो.

भिकाबाईचं बोलणं मी सुमनला लगेच कळवलं होतं. तिनं निरोप दिला आहे की आक्का असतील तरच मी बाळंतपणाला येईन, नाहीतर सासरीच बरी. तिच्या बाळासाठी मी चार रंगांचं कापड काढून ठेवलं आहे.

अंधारून आलं. भोकात चिमणी ठेवली आहे, तिच्याच उजेडात हे शेवटचं लिहिते. निम्मा उजेड पलीकडे रिकाम्या जमिनीवर पडला आहे. साडेतीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या पाळीचं तेल भरून गेलात, ते आज मी फेडलं. आजचं तेल माझं.

उद्याची पाळी तुमची.

तुमच्या घराच्या मागच्या दोन खणांत राहणारी,
द्वारका